खुशाली

पाचपावलीच्या टिनावर अजून पडून असेल
तिचा पहिला हलता दात.
"उंदरा, उंदरा, जुना घे, नवा दे,"
तिनंच ओरडून फेकला होता. टण्ण वाजलं, आम्ही हसलो.
पुढचा पडला तेव्हा हिरडी भरलीच नाही.
खालचा ओठ झोपलाय, म्हणायची.
बाबा, उठव ना त्याले.

मेडिकलच्या ओपीडीत तिचा नंबर सत्तेचाळीस.
मागेपुढे सगळे बाप्ये:
कुणाचा गाल आत गेलेला,
कुणाचं तोंड बोटभरच उघडणारं.
त्यांच्यात ही, नऊ वर्षांची, दोन वेण्या घातलेली.
शेजारच्यानं हळूच विचारलं,
"पोट्टी खर्रा खाते का जी?"
मी नाही म्हणालो.
पुडी माझ्या खिशात होती,
सकाळीच घोटलेली, ओली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
हे हाडातच उगवतं, लेकरांत, फार क्वचित.
कुणी काही खाल्ल्यानं नाही.
मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा सांगितलं.
तिसऱ्यांदा विचारणार होतो,
पण अठ्ठेचाळीस नंबर दारात उभा होता.

मे महिनाभर लाल औषध चढलं.
ती त्याला सरबत म्हणायची.
वॉर्डातला कूलर नुसताच घरघरायचा,
उशीवरचे केस तिची आई वेचायची
आणि पदराला गाठ मारायची,
कशासाठी, कोण जाणे.
फोनवर लोक विचारत, काय खुशाली?
मी सांगायचो, झोपली आहे.

लूमवर धागा तुटला की मी थुंकी लावून जोडतो,
गाठ दिसू देत नाही.
त्यांनी पोटरीतलं बारकं हाड काढून
तिचा जबडा सांधला.
नळ्या होत्या, बोलता येत नव्हतं,
तिनं वहीत लिहिलं:
मंग आता मी तोंडानं चालू का?

दिवाळी होऊन गेली. थोडी लंगडते.
पोहे भिजवून, कुस्करून खाते, तर्री मागते.
चौकातला ठेलेवाला अजून हाक मारतो,
"काका, नेहमीचा?"
मी मान हलवतो आणि चालू लागतो;
तोंड मात्र रिकामंच चघळत राहतं.

रात्री तिचा व्यायाम:
आइसक्रीमच्या काड्या एकावर एक रचून
दातांत धरायच्या, रोज एक वाढवायची.
काल अकरा. आज बारा.
डोळ्यांत पाणी आलं, तरी काढू देईना.
मग जुडी पुसून माझ्यासमोर धरली,
बाबा, आता तू.

माझ्या तोंडात नऊच गेल्या.