तिसरा भाग

वाशीच्या प्रदर्शनात नवी आवृत्ती पाहिली.
पाच भाग, एका खोक्यात, सोनेरी अक्षरं,
तीन हजार दोनशे.
हातात घेतली, वास घेतला,
मग स्टॉलवरच्या मुलीला उगाच विचारलं,
‘लोणच्यांचं काही आहे का?’

माझा लेखक असा नव्हता.
माझा लेखक बारा रुपयांचा होता.
पिनेला गंज, कव्हरवर लाल सूर्य
छपाईत जरासा सरकलेला,
म्हणून प्रत्येक ग्रहाला दोन कडा.
नववीत होते. वाटायचं,
तिथे तसंच दिसत असणार.

कोपरखैरण्याच्या नाक्यावर वेलजीभाईंची रद्दी.
पुस्तकं तीस रुपये किलो.
पहिला भाग सापडला
दहावीच्या अपेक्षित प्रश्नसंचाखाली.
तागडीत घातला: एकशे नव्वद ग्रॅम.
चारशे माणसांचं यान, त्यांची भांडणं, त्यांचा सूर्य,
आणि काटा जेमतेम हलला.
पाच रुपये सत्तर पैसे. ‘सहा द्या.’

दुसरा, चौथा असेच आले.
चौथ्यावर शिक्का, बंद पडलेल्या कुठल्याशा कारखान्याच्या
कामगार ग्रंथालयाचा.
मागच्या चिठ्ठीवर एकच सभासद:
११८, ११८, पुन्हा ११८.
पान साठवर त्याचा ग्रीसचा अंगठा.

पाचव्याला माझं चुकलं. मी हसले.
वेलजीभाईंनी तागडी बाजूला सारली.
‘हे आता वजनावर नाही, ताई. पन्नास.’
‘अहो, मागच्या शनिवारपर्यंत तर...’
‘मागच्या शनिवारी मला कुठे माहीत होतं
की हे कुणाला हवंय!’
यावर बोलणार काय. दिले.

तेव्हापासून चेहरा सांभाळून जाते.
विणकामाचे अंक चाळते, गेल्या सालचं पंचांग,
कुणाच्या तरी मिक्सरची पुस्तिका,
आणि तिरप्या नजरेने पुस्तकांच्या पाठी वाचते.
वर्ष गेलं. तिसरा नाही.
शाळेतही हाच भाग कायम कुणाकडे तरी गेलेला.
दुसऱ्याच्या शेवटी ती मुलगी
दोर तुटून यानाबाहेर तरंगते आहे;
चौथ्याच्या पहिल्याच पानावर
ती चहात साखर ढवळते.
मधलं मला चाळीस वर्षं माहीत नाही.

परवा गल्ल्यामागे,
चष्म्याच्या घराखाली, दिसला.
सरकलेला लाल सूर्य.
चेहरा गेला खड्ड्यात. ‘कितीला?’
दोनशे म्हणाला असता तरी दिले असते.
वेलजीभाईंनी पुस्तकावर तळहात ठेवला.
‘विकायचा नाही अजून.
छप्पन्नाव्या पानावर आहे. मराठी हळू वाचतो मी.’
मग पुठ्ठ्याचे पैसे मोजता मोजता,
माझ्याकडे न बघता,
‘आधीचे दोन वाचले नाहीत.
ही पोरगी बाहेर गेलीच कशी?’

मी पेपरांच्या गठ्ठ्यावर बसले
आणि दोर कुणी कापला तिथपासून सांगत गेले.
पुठ्ठा घालायला आलेला माणूस
पैसे मिळाले तरी उभाच होता.

आज शनिवार.
सत्तरावर आहे, म्हणाले.