मेणाचा भाव

कर्णा नवा आहे, बाई. मुरादाबादी पितळ,
चिंच लावून कालच घासलेलं.
त्याचे पैसे मी देणार नाही.

ठाकूरद्वार, तिसरा मजला.
विजयकरबाई चहा ठेवून गप्प.
मी फोनोग्राफ उलटा करतो, भिंग लावतो:
स्क्रू जुने, सरळ खाचेचे; एक मात्र फुलीचा,
तिथे माझे तीन हजार कमी.
स्प्रिंग धरते. चावीपाशी, उलट्या अंगाला
बोटांनी पॉलिश गेलंय.
डावखुरं कुणी होतं घरात?
"आत्या."
हे मी वहीत लिहीत नाही.

मग पुठ्ठ्याच्या डबीतून मेणाची नळी,
बुरशीचे ठिपके, नाव ना गाव.
दर वेळी वाजवताना मेण झिजतं,
मीच सांगतो, आणि मीच सुई टेकवतो.
न ऐकता भाव कसा करायचा?

खरखर. खरखर. मग एक बाई
परटाचा हिशोब वाचते:
धोतरं चार, अभ्रे सहा, परकर...
आणि फसकन हसते, "अगं बाई, चालू आहे का हे?"

सुई उचलली. चहावर साय.
माझ्या नखावर मेणाची भुकटी.

"किती?"
यंत्राचे सांगतो, रोख.
नळीचा भाव आत्ताच उतरला, म्हणतो,
ऐकलं त्याचं मीच देणं लागतो.

"मग अजून एकदा लावा," त्या म्हणतात,
"हिशोब नंतर करू."