इतिवृत्तात नसलेलं

मी महापालिकेत सभेचं इतिवृत्त लिहायचो.
सव्वीस वर्षं. ‘चर्चेअंती तहकूब’,
‘सन्माननीय सदस्यांनी सभात्याग केला’.
माणूस कागदावर येईतोवर
त्याचा घाम वाळलेला असायचा.

मग केरबा वडणगे निवडून आला.
अपक्ष. चिन्ह शिट्टी.
प्रचाराला एक सायकल, दोन हलगीवाले
आणि पत्रकावर लांगेतला जुना फोटो, त्र्याण्णव किलोंचा.
खाली एकच ओळ : मी कुणाच्या तालमीतला नाही.
गंगावेशीत लोक हसले,
हसत हसत जाऊन मत देऊन आले.

सभागृहात चाळीस विरुद्ध चाळीस, आणि हा एक.
दोन्ही गटांनी मिळून त्यालाच खुर्चीवर बसवला.
बसू दे सहा महिने, पैलवानाची अक्कल गुडघ्यात.
राजीनामा आधीच लिहून घेतला होता,
तारखेची जागा कोरी.

महापौरांचा झगा त्याच्या खांद्यावर बसेना.
टर्रकन उसवला.
त्यानं तो काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला,
हौद्याच्या काठावर शर्ट टाकावा तसा.
करंजीसारखे मुडपलेले मोडके कान
पहिल्या रांगेपर्यंत दिसत होते.
मी लिहिलं : ‘मा. महापौर स्थानापन्न झाले.’

हे ओरडले, ते ओरडले, माइक तुटला.
मधल्या सुट्टीत सगळे एका टेबलाशी, एका बशीतली भजी.
केरबानं ते बघितलं आणि घंटेवर हात आपटला :
“ही नुरा हाय. नुसती खडाखडी.
अंगाला माती न लागता
कुस्ती सुटती व्हय?”
मी लिहिलं : ‘मा. महापौरांनी शांततेचे आवाहन केले.’

पाइपलाइनचा ठेका तो बोट ठेवून वाचायचा,
ओळ न् ओळ, रात्री अकरापर्यंत,
शिपायासकट सगळे जांभया देत.
एकदा जयंती नाल्याचं पाणी बाटलीत भरून आणलं,
अहवाल वाचणाऱ्या अभियंत्यापुढं ठेवलं.
प्या म्हणाला नाही. नुसतं ठेवलं.
चुकलाही. फेरीवाले एका रात्रीत हलवले,
दुसऱ्या रात्री बिंदू चौकात
एकेका गाड्यापाशी जाऊन हात जोडले.
त्याची नोंद घ्या असं मला कुणी सांगितलं नाही.

मग तो सोमवार. गॅलरीतून एक म्हातारा उठला,
कसबा सांगावचा, धोतर आवरत.
“वडणगे, अठ्ठ्याहत्तर साली मुरगूडच्या मैदानात
किती मिन्टांत पडलास? माझ्या बानं
तुझ्यावर म्हस लावली हुती.”
शिपाई धावले. केरबा म्हणाला, ऱ्हाऊ द्या.
पंखा तेवढा फिरत होता.
“नऊ मिन्टं. पडलो न्हाई, आबा.
पाठ लावून घेतली. पाचशे रुपयं.
भनीचं लगीन हुतं.”
आणि मग सभागृहाकडं वळून, हळूच :
“म्हणून तर मला वास येतो.”

मी त्या दिवशी शब्द न् शब्द लिहिला.
काना-मात्राही त्याचाच.

पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करायला आलं
तेव्हा चाळीस आणि चाळीस, ऐंशी हात
एकाच वेळी वर गेले : हे वगळा.
इतकी एकी मी पुरातही बघितली नव्हती.
केरबानं माझ्याकडं बघितलं.
“खोडा,” म्हणाला, “फकस्त
खालचं दिसंल एवढंच खोडा.”

कोरी तारीख त्याच संध्याकाळी भरली गेली.
तो सायकलवरून गेला. चेनला तेल नव्हतं,
आवाज पापाच्या तिकटीपर्यंत येत असावा.

नवे महापौर अंगानं बारीक.
झगा महाद्वार रोडच्या शिंप्याकडून दुरुस्त होऊन आला.
त्याचं बिल माझ्याच हातानं लागलं :
‘उसवलेला खांदा, डावा. शिलाई एकशे वीस रुपये.
मंजूर.’