दुसऱ्याच्या मापाची

सखीरला रात्री डांबर जरा निवतं.
सीट आधीच्या मालकाच्या पाठीवर बेतलेली,
माझ्या डाव्या बरगडीशी बोटभर पोकळी.
शिनोज म्हणाला, टॉवेल कोंबा, सर.

पहिल्या फेरीत तिने मला जुमानलंच नाही.
क्लच म्हणजे नुसतं हो किंवा नाही,
अधलंमधलं काही नाही.
टायर गार. चौथ्या वळणावर
मागचं धड पुढे आलं बघायला
चालवतंय तरी कोण!

दातांत वाळू.
चूक माझीच, घाबरून पाय उचलला.

मग अकराव्या फेरीला, एकदाच,
ब्रेक सोडता सोडता
नाक आपसूक आत वळलं.
मी काहीच केलं नव्हतं.

टॉवेल घामाने थबथबलेला,
माझ्या बरगडीच्या आकाराचा.
घरी रेवतीने ओळखला:
अरे, हा पाहुण्यांचा होता.