पाणसळ

अ‍ॅमस्टरडॅमच्या पूर्वेला, बांधाच्या आत,
घरांना गल्ली आहे आणि गल्लीला जमीन नाही.
मी तिथं कललेली घरं सरळ करतो.
पंप, पाना, वाळूच्या पिशव्या
आणि बापाची पितळी पाणसळ :
कुपीत एक बुडबुडा, तेवढाच माझा साहेब.

आलेइदा डेकेमांचा फोन मार्चमध्ये आला.
"टेबलावरचं संत्रं खिडकीकडं जातं," म्हणाल्या,
"आधी वाटलं, टेबलाचाच पाय."

घर चांगलं. खाली काँक्रीटची कुंडी, दीड मीटर पाण्यात,
कड्यांनी दोन लोखंडी खांबांना अडकवलेली.
पाणी चढलं की चढायचं, उतरलं की उतरायचं.
नळ, वीज, मैला, सगळं ढील दिलेल्या नळ्यांतून.
निजायची खोली पाण्याखाली;
काचेतून बदकांचे नुसते पाय दिसतात,
घाईत,
वर बदक किती निवांत आहे ते माहीत नसलेले.

पाणसळ ठेवली. बुडबुडा पश्चिमेला पळाला.
चार सेंटिमीटर.
म्हणजे त्या अंगाचं काहीतरी जड घरातून गेलंय.
विचारलं : पियानो विकलात? कपाट हलवलंत?

त्यांनी कॉफी ओतली. कपातली कॉफीही
एका कडेला जास्त.
"तेउनिसचं लेथ," म्हणाल्या. "कुलपं करायचा तो.
जानेवारीनंतर मुलानं मशीन नेलं,
मग किल्ल्यांचे डबे, मग ती खुर्ची."

मी वहीत मांडलं :
लेथ तीनशे दहा. डबे नव्वद. खुर्ची, धरू अठरा.
त्या वाकून बघत होत्या. बेरजेच्या रेघेवर बोट ठेवलं.
"बासष्ट राहिले," म्हणाल्या.
"शेवटी तेवढाच भरला होता."

लिहिले.

पश्चिमेची फळी उचलून पिशव्या रचायला बसलो.
आता या पिशव्या येतात पंचवीस किलोच्या.
बासष्ट काही जमेना, तसं सांगितलं.
"मग पंचाहत्तर ठेवा," त्या म्हणाल्या,
"आजाराच्या आधी तेवढा होता."

तीन पिशव्या. शेजारी शेजारी.
बुडबुडा रेघेच्या जरा पुढं गेला. तसाच राहू दिला;
बिलात ते लिहिलेलं नाही.

रात्री पुरमेरेंडला, माझ्या तिसऱ्या मजल्यावर,
जिथून मार्याननं निम्मं सामान नेलं
त्याला आता दोन वर्षं होतील,
टेबलावर एक संत्रं ठेवून पाहिलं.

हललं नाही.