तिकिटात नसलेलं

या, जवळ या, माझा आवाज लहान आहे
आणि थंडी मी म्हणतेय.
अकरा जण. मोजून घेते. सवय आहे,
शाळेत शिकवायचे तेव्हापासूनची.
मी विर्वे. ही लाल टोपी दिसेनाशी झाली
तर चुकलात असं समजा.
पायाखाली बघून चाला, हे दगड कैक शतकं
माणसं पाडत आलेत.

हा तालिनच्या नगरभवनाचा चौक, हे झाड.
आत्ता बाराच्या ठोक्याला त्या खिडकीतून
नाताळची शांतता वाचून दाखवली.
भांडू नका, दंगा करू नका, असं असतं त्यात.
लोक ऐकतात.
साधारण तिसऱ्या दिवसापर्यंत.

आल्याची बिस्किटं शेवटच्या टपरीत घ्या.
पहिली टपरी माझ्या चुलतभावाची,
दातांचा विचार करा.

ही चढण 'लांब पाय', ती 'आखूड पाय',
म्हणून आमचं शहर लंगडतं.
इथे सगळे हसतात. हसलात, आभार.
वरून छपरं बघा, फोटो काढा.
धूर सरळ वर चाललाय, रात्री अजून गारठणार.
दहा. एक कमी आहे.
कॉफी प्यायला सटकला असेल, जाऊ दे.

आता हार्यू रस्ता. हे बर्फाचं रिंगण,
स्केट तिथे भाड्यानं मिळतात.
इथे घरं होती.
मार्चमधल्या एका रात्री विमानं आली, सकाळी नव्हती.
नऊ वर्षं मी हे इथेच उभी राहून म्हणते,
याच आवाजात, आणि पुढे:
एका घरात एक बाई पीठ मळत होती.
तिनं सहा वर्षांच्या मुलीला तळघरात ढकललं
तशाच हातांनी.
मुलीच्या कोटावर पाठीला ते उमटले होते.
मग तीन सेकंद थांबायचं.
मग नीगुलिस्ते चर्चकडे बोट दाखवायचं.

आज त्या तीन सेकंदांत
सकाळच्या बोटीनं हेलसिंकीहून आलेल्या वेईक्कोनं
पुढचे दोन दात नसलेल्या तोंडानं विचारलं,
मग त्या मुलीचं काय झालं?

नऊ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

काय होणार? मोठी झाली. जाड झाली.
तेवीस वर्षं ट्रॉलीबस चालवली.
कुणाच्या हातचा पाव कधी आवडला नाही तिला.
मी तिची गोष्ट इथे सांगते हे कळलं तेव्हा म्हणाली,
पैसे घेतेस ना? मग ठीक.
ऑक्टोबरात गेली. साल्मे नाव.
कोट माझ्याकडे आहे.
हात कधीच धुतले गेले त्यावरचे.

चर्च दाखवायचं राहिलंच.
ते तिकडे, उंच मनोऱ्याचं.

फेरी संपली. पुढचं तिकिटात नाही:
आज संध्याकाळी आम्ही कबरस्तानात जातो, मेणबत्त्या घेऊन.
सोव्हिएत काळात हा कामाचा दिवस असे.
तरी लोक जायचे, आणि फाटकापाशी
आमच्या गणिताच्या बाई उभ्या, वही घेऊन,
कोणकोणती मुलं आली ते लिहायला.
एका वर्षी मला बघून त्यांनी वही मिटली,
इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं,
काडेपेटी आहे का गं?

चौघं आली.
चारलाच रात्र झालेली.
पाइनच्या झाडांखाली, बर्फात खळगे करून
बसवलेल्या ज्योती, नजर पोहोचेल तिथवर.
इथे मी काही सांगत नाही.
वेईक्कोच्या आईनं वाऱ्याला पाठ केली,
तिच्या आडोशाला माझी मेणबत्ती लागली, तिसऱ्या काडीला.
वेईक्कोनं खिशातून अर्धं बिस्कीट काढून
दगडावर ठेवलं. पहिल्या टपरीतलं.
आईनं नाव ठेवलंच असतं.

परतीची बस पाच दहाला, तुमची बोट सातला.
सवयीनं मोजते. चार.
जा तुम्ही, पोरगं गारठलंय.
मी पुढच्या बसनं येते.
पुढची बस नाही, ते सांगत नाही.