हेही पाहा

पडवळबाईंनी पहिल्या दिवशी मला पुस्तक उघडूच दिलं नाही.
“आधी पाठ बघ त्याची,” म्हणाल्या,
“मग नावाच्या पानाची मागची बाजू.
वाचायला लागलास की कामातून गेलास.”

चिंचपोकळी, पिठाच्या गिरणीवरचा पहिला मजला.
तीन वाजता खाली पट्टा फिरायला लागतो,
कादंबऱ्यांचं कपाट बारीक थरथरतं
आणि चरित्रांवर गव्हाची साय धरते.
रोज फडकं मारायचं, हेही अभ्यासक्रमातच.

शिक्का नावाच्या पानावर, आणि दुसरा एकविसाव्या.
का? तर पहिलं पान चोर फाडतोच,
एकविसाव्यापर्यंत पोचला
तर तो चोर नाही, वाचक.
त्याला वर्गणीची पावती द्यावी.

मोचेमाडकर येतात, काठी टेबलाला टेकवतात.
“ती निळी द्या. जाडी. बाई शेवटी परत जाते ती.”
मी हसलो.
बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं,
कधी नेली होती, घरी कोण वाचायचं,
परत जाते म्हणजे माहेरी की नवऱ्याकडे.
अर्ध्या तासानं पुस्तक मिळालं. लाल होतं.
मोचेमाडकर म्हणाले, “हीच ती निळी.”

माहिती आणि ज्ञान यांतला फरक स्पष्ट करा, गुण पाच.
मला दोन मिळाले.

मार्चात एक गोणी आली, दान म्हणून:
जुने दिवाळी अंक, फाटकं पंचांग,
तळाशी लांबट वही, लाल कापडाची बांधणी.
खानावळीचा हिशेब. अक्षर शाळकरी मुलीचं,
आई सांगत असणार, ही लिहीत असणार.
बाळा खोत, दोन वेळ, तीस दिवस.
दत्ताराम मेस्त्री, एक वेळ, रात्रपाळी.
ब्याऐंशीच्या जानेवारीनंतर
आकडे तसेच, पुढे “जमा” कोरं,
आणि फेब्रुवारीपासून प्रत्येक नावासमोर
तेच दोन शब्द: राहू दे.

वर्गांक काय देऊ?
सहाशे एक्केचाळीसात पाककला,
पण इथे एकही भाजी शिजत नाही.
हिशेबात टाकू तर एकही बेरीज पुरी नाही.
तीनशे एकतीस, कामगार. बाई म्हणाल्या, “चालेल,
पण ती खानावळवाली कुठे बसेल?”

लेखक? नाही.
“लेखक नसेल तर शीर्षकाखाली नोंद.”
शीर्षक? नाही.
“मग पहिला शब्द घे.”
पहिला शब्द: श्री.
त्या हिशेबानं अर्ध्या मुंबईच्या वह्या
एकाच खणात कोंबाव्या लागतील.

विषयाच्या पत्रावर मी लिहिलं: गिरणी.
बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
“कुठली?”
तेव्हा कळलं, या शास्त्रात
कंसाला केवढी किंमत आहे.
गिरणी (कापडाची), असं दुरुस्त केलं.
पायाखाली दुसरी घरघरत होती.

मग शिक्क्याची पाळी. वहीला पृष्ठांक नव्हते.
बोटाला थुंकी न लावता (ते सक्त मना)
मोजत गेलो एकविसापर्यंत.
तिथे मुलीचंच अक्षर, पण बाजू उलटी:
देणे. तळमजला, दळणाचे, महिने चार.
आणि समोर जाड शाईत, दुसऱ्याच कुणाच्या हातानं,
पिठाचा अंगठा उमटलेला:
राहू दे.

मी शिक्का हातात धरून बसलो.
पट्टा सुरू झाला, टेबल हललं.
शेवटी अगदी कडेला उठवला,
शाई अंगठ्याला लागू न देता,
आणि पत्राच्या तळाशी, बाईंना न विचारता, लिहिलं:
हेही पाहा – गिरणी (पिठाची).

बाईंनी संध्याकाळी ते पत्र वाचलं,
खणात लावलं,
आणि खाली जाऊन पाच किलो गहू दळायला टाकले.